मधुमेहींनी चालावे कसे : एका वेगाने की वेग बदलत?

टाइप टू मधुमेहाचे निदान झाले की पहिल्याच भेटीत मिळणारा सल्ला म्हणजे 'रोज चालत जा'. किती वेळ चालायचे हे बहुतेक डॉक्टर सांगतात. कोणत्या वेगाने चालायचे हे मात्र ओपीडीच्या गर्दीत सांगायचे राहून जाते. त्यामुळे सकाळी बागेत गप्पा मारत ठरलेल्या फेऱ्या घालणारी, वर्षानुवर्षे सहसा एकही दिवस न चुकवणारी आणि तरीही एचबीएवनसीचा, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, आकडा हलत नाही म्हणून हिरमुसलेली माणसे प्रत्येक गावात भेटतात. त्यांची चिकाटी खरी असते. पण शरीराला त्या एकाच वेगाची इतकी सवय झालेली असते की स्नायूंना नवे काही करावेच लागत नाही.

तोच रस्ता आणि तेवढाच वेळ ठेवून वेग आलटून पालटून कमी-जास्त केला तर फरक पडतो का, पडत असल्यास कोणाला, आणि हा बदल सुरक्षितपणे कसा करायचा, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवणे बरे. जी व्यक्ती आज अजिबात चालत नाही तिने वेगाच्या चर्चेत न पडता साधे चालणे सुरू करावे. जी व्यक्ती काही आठवडे न चुकता, फारशी न दमता अर्धा तास चालते आहे तिने वेग बदलत चालण्याकडे वळावे. आणि दोघांनीही जेवणानंतरची दहा मिनिटे सोडू नयेत, कारण तेवढ्याशा चालण्यातून जे मिळते ते एरवी सहज मिळत नाही.

अभ्यास काय सांगतात

वेग बदलत चालण्याची आज सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत जपानमधली आहे. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठातील संशोधकांनी मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांसाठी तीन मिनिटे जलद आणि तीन मिनिटे सावकाश असा क्रम ठरवला. जलद टप्प्यात आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्के आणि सावकाश टप्प्यात ४० टक्के जोर लावायचा, असे किमान पाच फेरे करायचे आणि आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस चालायचे, असा तो नियम होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच महिन्यांनंतर या लोकांच्या मांड्यांची ताकद व दमसास वाढलेला आणि रक्तदाब उतरलेला आढळला. एकाच मध्यम वेगाने चालणाऱ्यांत एवढी सुधारणा नव्हती.

मधुमेहींच्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास कोपनहेगनचा, २०१३ सालचा. त्यात टाइप टू मधुमेह असलेल्या ३२ जणांचे तीन गट केले होते. एक गट नेहमीप्रमाणे राहिला. दुसरा गट आठवड्यातून पाच दिवस रोज एक तास एकाच मध्यम वेगाने चालला. तिसरा गट तेवढाच वेळ, पण तीन मिनिटे जलद आणि तीन मिनिटे सावकाश असा चालला. दोन्ही चालणाऱ्या गटांची खर्च होणारी ऊर्जा सारखी राहील अशी काळजी घेतली होती आणि अभ्यासाची खरी गंमत त्यातच आहे. चार महिन्यांनंतर वेग बदलत चालणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, वजन आणि पोटातली चरबी घटली, आणि अंगावर लावलेल्या सेन्सरमध्ये दिवसभरातली साखरेची सर्वोच्च पातळीही खाली आली. एकाच वेगाने चालणाऱ्यांत साखरेच्या बाबतीत लक्षणीय बदल दिसला नाही. ऊर्जा सारखी, वेळ सारखा, तरी निकाल वेगळा.

तरीही ३२ ही संख्या लहान आहे. शिवाय सहभागी लोक वेग मोजणाऱ्या उपकरणाच्या इशाऱ्यावर चालत होते आणि रोज एक तास देत होते. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून या आकड्यांकडे हमी म्हणून पाहू नये, दिशा म्हणून पाहावे. एकाच वेगाने नियमित चालल्याने साखर, रक्तदाब आणि हृदय या तिन्हींना फायदा होतो, याला कितीतरी अधिक आणि जुना आधार आहे. एका अभ्यासामुळे तो पुसला जात नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०११ सालचा प्रयोग याहून तीव्र होता. त्यात आठ मधुमेहींनी स्थिर सायकलवर एक मिनिट जोरात आणि एक मिनिट विश्रांती असे दहा फेरे, आठवड्यातून तीन वेळा, फक्त दोन आठवडे केले. त्यांची चोवीस तासांची सरासरी साखर सुमारे १३७ वरून ११९ पर्यंत उतरली. हा प्रयोग वाचून पन्नाशीतल्या माणसाने एकदम जिममधल्या सायकलवर बसून जीव तोडून पेडल मारायला सुरुवात करू नये. ते लोक तपासणी करून, देखरेखीखाली व्यायाम करत होते.

स्नायूंमध्ये नेमके काय घडते

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. टाइप टू मधुमेहात इन्सुलिन असूनही स्नायूंच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. स्नायू आकुंचन पावू लागले की मात्र साखर आत घेणारे वाहक प्रथिन, म्हणजे ग्लूट-४, इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येते. चालण्याचा तात्काळ परिणाम होतो तो यामुळे. दुसरा परिणाम सावकाश दिसतो. व्यायामात स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वापरला जातो आणि तो पुन्हा भरताना पुढचे २४ ते ४८ तास, काही वेळा त्याहून अधिक काळ, स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

सावकाश चालताना मांडीतले ठरावीक तंतूच काम करतात. वेग वाढला की एरवी आराम करणारे तंतूही कामाला लागतात, आणि मधल्या सावकाश टप्प्यात दम परत आल्यामुळे ते पुन्हा पुन्हा कामाला लावता येतात. सलग तीस मिनिटे जलद चालणे पन्नाशी-साठीच्या मधुमेहींपैकी अनेकांना जमत नाही. तीन मिनिटे बहुतेकांना जमतात.

आपल्याकडे या मुद्द्याला जास्त वजन आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण, २२.३ असा अगदी सारखा होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, ही गोष्ट त्या एका छायाचित्रामुळे जगभर पोहोचली. वजनाचा काटा ठीक आहे म्हणून निवांत राहणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवायला हवे. आपला प्रश्न बऱ्याचदा जास्त वजनाइतकाच कमी स्नायूंचा असतो, आणि रमतगमत चालून स्नायू वाढत नाहीत.

सुरुवात करण्यापूर्वी

साध्या वेगाने चालण्यासाठी कोणत्याही खास तपासणीची गरज सहसा नसते. वेग वाढवायचा असेल तर मात्र पुढच्या गोष्टी डॉक्टरांकडून विचारून घ्याव्यात, आणि हा टप्पा घाईत उरकू नये.

पहिली गोष्ट हृदयाची. मधुमेहात नसांना इजा झालेली असेल तर हृदयविकाराची वेदना जाणवतेच असे नाही. नुसती धाप, घाम किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा एवढेच लक्षण असू शकते. मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, धूम्रपान असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर ईसीजी आणि गरज पडल्यास टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयतपासणी) करावी की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दृष्टिपटलावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोराच्या व्यायामाने किंवा श्वास रोखून वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. गेल्या वर्षभरात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्यावी आणि तोपर्यंत साधे चालणेच ठेवावे.

तिसरी गोष्ट औषधांची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामात साखर खाली घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी पाण्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण या गोळ्यांमुळे लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जाते. बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके मुळातच दबलेले असतात, त्यामुळे स्मार्टवॉचवरच्या ठोक्यांवरून वेग ठरवू नये. साखर घसरल्यावर होणारी धडधडही अशा व्यक्तीला जाणवत नाही.

चौथी गोष्ट पावलांची, आणि ती तपासायला डॉक्टर लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिव्याखाली बसून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. लाल चट्टा, फोड, भेग किंवा मोज्यावर ओलसर डाग दिसला तर जखम भरेपर्यंत जलद चालणे बंद. सकाळी दवाच्या गवतावर अनवाणी चालल्याने डोळे आणि साखर दोन्ही सुधारतात असा समज आपल्याकडे घट्ट आहे. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेह्यासाठी हा सल्ला सरळसरळ धोक्याचा आहे. काटा रुतला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा पू झालेला असतो. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालतानाही हाच धोका असतो. चालताना पुढे बोटभर जागा असलेले, टाच घट्ट धरणारे बूट आणि शिवण न टोचणारे सुती मोजे घालावेत. कोल्हापुरी चप्पल देखणी असते, पण ती या कामाची नाही.

जलद म्हणजे किती जलद

यासाठी उपकरण नको, बोलणे पुरे. सावकाश टप्प्यात शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत, मध्ये न थांबता बोलता यायला हवे. जलद टप्प्यात दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला पाहिजे. गाणे गुणगुणता येत असेल तर वेग कमी आहे आणि एक शब्दही बोलता येत नसेल तर तो जास्त आहे. शून्य म्हणजे खुर्चीत बसणे आणि दहा म्हणजे जीव घेऊन पळणे असे धरले, तर सावकाश टप्पा तीनच्या आणि जलद टप्पा सहा-सातच्या आसपास असावा.

आकडा हवाच असेल तर पंधरा सेकंदांत पडलेली पावले मोजावीत. पंचवीस म्हणजे मिनिटाला शंभर, हा मध्यम वेग झाला. जलद टप्प्यात ती तीस-बत्तिसापर्यंत जावीत. वय जास्त किंवा उंची कमी असेल तर आकड्यापेक्षा श्वासावर भरवसा ठेवावा.

जलद टप्प्याची ती तीन मिनिटे एकसारखी जात नाहीत. पहिल्या मिनिटात वाटते की हे तर सोपे आहे. दुसऱ्या मिनिटात श्वास मोठा होतो, कपाळावर घाम येतो आणि पोटऱ्या जाणवू लागतात. तिसऱ्या मिनिटात हात नकळत मोबाइलकडे जातो, अजून किती उरले ते पाहायला. असे झाले तर वेग बरोबर आहे. कोपर काटकोनात वाकवून हात मागे-पुढे हलवावेत, नजर दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी, टाच आधी टेकवावी आणि पाऊल नेहमीपेक्षा थोडे लांब टाकावे. साडी नेसून चालणाऱ्या स्त्रियांना लांब पाऊल टाकता येत नाही, आणि ओढूनताणून टाकले तर पाय अडखळण्याची भीती असते. त्यांनी पावलांची लांबी तशीच ठेवून ती झपझप टाकावीत, परिणाम साधला जातो.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, घेरी येणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा थांबल्यावरही धाप न उतरणे, यातले काहीही झाले तर तिथेच थांबून मदत मागवावी. 'घरी गेल्यावर बघू' असे म्हणू नये.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिल्या दोन आठवड्यांत वेगाला हात लावू नये. आठवड्यातून पाच दिवस, वीस मिनिटांपासून सुरू करून तीस मिनिटांपर्यंत, बोलता येईल अशा एकाच वेगाने चालावे. जे आधीपासून नियमित चालतात त्यांनी हा टप्पा सोडला तरी चालेल. मात्र औषधे आणि पावलांबद्दल वर जे सांगितले ते त्यांनाही लागू आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पाच मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे करावे. त्यानंतर एक मिनिट जलद आणि तीन मिनिटे सावकाश असे पाच फेरे करावेत आणि शेवटी पाच मिनिटे रमतगमत चालावे. हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून एक दिवस. उरलेल्या दिवशी पूर्वीचे एका वेगाचे चालणे. या टप्प्यात पोटऱ्या आणि नडगीच्या पुढचा भाग दुखणे साहजिक आहे. सांधा दुखू लागला किंवा सुजला तर मात्र आठवडाभर मागच्या टप्प्यावर यावे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात जलद टप्पा दोन मिनिटांचा करावा आणि सावकाश टप्पा तीन मिनिटांचाच ठेवावा. सातव्या आठवड्यापासून तीन मिनिटे जलद आणि तीन मिनिटे सावकाश असे पाच फेरे, म्हणजे तीस मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. वेळ सांभाळण्यासाठी मोबाइलवर तीन-तीन मिनिटांनी वाजणारा टायमर लावावा. मोबाइल नको असेल तर सोसायटीच्या आवारातल्या किती फेऱ्यांना तीन मिनिटे लागतात ते एकदा मोजून ठेवावे आणि पुढे फेऱ्यांवर चालावे.

हा क्रम कोणाला आठऐवजी बारा आठवडे लागला तरी त्यात कमीपणा नाही. एखाद्या टप्प्यात शेवटचा फेरा पहिल्याइतक्या वेगाने जमत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. रोजच्या रोज जलद चालण्याचा मोहही टाळावा. आठवड्याला १५० मिनिटे हे जे प्रमाण जगभर सांगितले जाते, ते चार दिवसांचे वेगबदलाचे चालणे, त्याच्या आधी-नंतरची सावकाश मिनिटे आणि जेवणानंतरच्या छोट्या फेऱ्या मिळून आरामात भरते.

गुडघे साथ देत नसतील तर हाच क्रम स्थिर सायकलवर करावा. सीटची उंची अशी ठेवावी की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले की गॅलरीत किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत जागच्या जागी गुडघे उचलत चालता येते. जिना चढणे हा उत्तम जलद टप्पा आहे, पण उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो. म्हणून चढून जावे आणि उतरताना कठड्याला धरून अगदी सावकाश उतरावे. पर्वती, तळजाई किंवा गावाजवळची एखादी टेकडी असेल तर चढ हाच जलद टप्पा समजावा, वेगळा वेग वाढवू नये.

वेळ कोणती

'मॉर्निंग वॉक' हा आपल्याकडे जणू एकच शब्द झाला आहे, पण मधुमेह्याने सकाळीच चालले पाहिजे असे काही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली ४१ मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात दिवसातून कधीही सलग तीस मिनिटे चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतरचा फरक तर २२ टक्क्यांचा होता. आपले रात्रीचे जेवण उशिराचे आणि पोळी-भाताचे असते आणि त्यानंतर आपण टीव्हीसमोर बसतो, हे लक्षात घेतले तर ही दहा मिनिटे आपल्यासाठी किती मोलाची आहेत ते कळेल. हे चालणे साध्या वेगाचेच असावे. भरल्या पोटी जलद चालू नये.

वेगबदलाच्या चालण्यासाठी सकाळपेक्षा दुपारनंतरची वेळ बरी असू शकते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ साली ११ मधुमेही पुरुषांना तीव्र व्यायाम काही आठवडे सकाळी आणि काही आठवडे दुपारी करायला लावला. दुपारच्या व्यायामाने साखर उतरली, तर सकाळच्या व्यायामानंतर ती चढलेली आढळली. अकरा जणांवरून सर्वांसाठी नियम ठरत नाही. तरी ज्यांना संध्याकाळी पाच-सहाला वेळ मिळतो त्यांनी 'सकाळ चुकली, आता काय उपयोग' असे म्हणण्याचे कारण नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र पहाट किंवा ऊन पूर्ण उतरल्यानंतरची वेळच धरावी.

साखर मोजताना होणारी फसगत

नव्याने जलद चालू लागलेले अनेक जण घरी येताच ग्लुकोमीटर काढतात आणि साखर वाढलेली पाहून घाबरतात. तीव्र श्रमात अॅड्रिनलिनमुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि स्नायू ती उचलतात त्यापेक्षा काही वेळ जास्त सोडते. त्यामुळे लगेच घेतलेला आकडा वीस-तीसने वर दिसू शकतो. तो साधारण तास-दोन तासांत उतरतो. म्हणून व्यायामाचा परिणाम पाहायचा असेल तर व्यायामाआधी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी असे तीन आकडे वहीत लिहावेत. त्याच पानावर त्या दिवशीचे जेवणही लिहावे, नाहीतर श्रीखंडाचा दोष चालण्यावर येतो.

व्यायामाआधीचा आकडा २५० च्या वर असेल आणि अंगात कसकस, मळमळ किंवा फार तहान असेल तर त्या दिवशी व्यायाम करू नये. डॉक्टरांशी बोलावे आणि त्यांनी सांगितल्यास लघवीतील कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्यावर तयार होणारी द्रव्ये) तपासावेत. आकडा तेवढाच असून बरे वाटत असेल तर पाणी पिऊन साधे चालावे, जलद टप्पे टाळावेत.

साखर घसरण्याचा धोका असलेल्यांनी, म्हणजे इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी, चालण्याआधी आकडा ९० च्या खाली असेल तर एक लहान केळे किंवा तीन-चार मारी बिस्किटे खाऊन, थोडे थांबून निघावे. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालायला जाऊ नये, कारण कामाला लागलेल्या स्नायूजवळून ते लवकर रक्तात मिसळते. पोटावर टोचणे बरे. खिशात ग्लुकोज पावडरची पुडी आणि आपल्याला मधुमेह असल्याचे, औषधांची नावे व घरचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे. हात थरथरणे, गार घाम, अचानक भूक, चिडचिड किंवा नजर अंधुक होणे ही लक्षणे दिसली, किंवा आकडा ७० च्या खाली गेला, तर तिथेच बसून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. व्यायामानंतर काही तासांनी, अगदी झोपेतही साखर घसरू शकते. संध्याकाळी जलद चालण्याचे पहिले काही दिवस झोपण्यापूर्वी एकदा मोजून घ्यावे.

चतुर्थी-एकादशीचा प्रश्न हमखास येतो. गोळी घेऊन दिवसभर निरंकार राहायचे आणि संध्याकाळी जलद चालायचे, हे एकत्र करू नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात उलट अडचण असते: साखर आधी झपाट्याने चढते. त्या दिवशी खाल्ल्यानंतर साधे चालावे, आणि गोळ्यांच्या वेळांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. बागेच्या दारात मिळणाऱ्या कारल्याच्या रसाबद्दल एवढेच सांगता येईल की तो औषधाच्या जागी घेऊ नये. आणि चालून झाल्यावर कट्ट्यावर जमणाऱ्या मंडळींसाठी: अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च होते त्याहून जास्त ऊर्जा एका वडापावात असते.

ताकदीचे दोन दिवस

नुसत्या चालण्याने छाती, पाठ आणि दंड यांना काम मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नव्हे, घरीच पंधरा मिनिटे काढावीत: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून केलेले दंड, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि पाण्याच्या लिटरभर बाटल्या हातात घेऊन कोपरापासून हात वाकवणे. प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, दोन खेपा. श्वास रोखू नये. साठीच्या पुढच्यांनी ओट्याजवळच एका पायावर दहा-दहा सेकंद उभे राहण्याचा सराव जोडावा, पडण्याची भीती त्याने कमी होते.

तीन महिन्यांनी काय पाहायचे

एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असल्यामुळे त्याआधी ती पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. मधल्या काळात कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर दर पंधरा दिवसांनी मोजावा, आणि एकच ठरलेला रस्ता जलद चालून जायला किती मिनिटे लागतात ते महिन्यातून एकदा पाहावे. आकडे बदलण्यापूर्वी बहुधा तोच वेळ आधी कमी होतो.

तीन महिने नियमित करूनही एचबीएवनसी हलली नाही तर जलद टप्पे खरोखर जलद आहेत का, ते पावले मोजून तपासावे. त्यानंतर रात्रीच्या जेवणाकडे आणि झोपेकडे पाहावे, आणि मगच औषधे वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. साखर उतरू लागली, विशेषतः दुपारच्या जेवणाआधी किंवा पहाटे ती वारंवार ८०-९० च्या घरात येऊ लागली, तर गोळी आपल्या मनाने अर्धी करू नये. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ग्लिमेपिराइडचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करण्याची वेळ आली असेल, तर वहीतल्या त्या आकड्यांवरून त्यांना ते सहज ठरवता येते.